चावी फिरवल्यावर काय ऐकू येतं, तिथून सुरुवात करा

विचारलेलं थोडक्यात असं: बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, वीस-बावीस वर्षं जुनं, एका सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. सात-आठ महिने शेडमध्ये उभं होतं. बाहेर काढलं तेव्हा सेल्फ फिरत होता, पण इंजिन पकडत नव्हतं. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारला, नवी बॅटरी आणून बसवली, आणि आता कधी नुसतं ‘टक्’ होतं, तर कधी इंजिन अर्धा फेरा फिरून अडकतं. सेल्फ बदलायचा की सोलेनॉइड (बॅटरीचा करंट सेल्फपर्यंत सोडणारा विजेचा स्विच)?

आत्ता दोन्ही आणू नका. तुमच्या वर्णनात दोन तक्रारी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी सुरू झाल्यात. आधी इंजिन फिरत होतं पण पेट घेत नव्हतं. आता ते धड फिरतच नाही. दुसरी तक्रार पहिलीच्याच पोटातून आलेली असू शकते, ते पुढे येईलच. पण तपासताना क्रम उलटा ठेवावा लागतो: आधी फिरायला लावा, मग पेटवायला.

हात घालण्यापूर्वी यंत्र सपाट जागी, उघड्यावर आणा. हँडब्रेक लावा, गिअर न्यूट्रलला, पात्यांचा क्लच बंद. फ्लायव्हीलजवळ (इंजिनच्या शाफ्टवरचं जड चाक) किंवा पात्यांजवळ हात जाणार असेल तेव्हा स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हातातली अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढा. पॉझिटिव्ह आणि चॅसिसच्या मध्ये अंगठी सापडली की ती क्षणात लाल होते.

आता चावी फिरवा आणि नीट ऐका. काहीच आवाज नसेल तर फ्यूज पाहा आणि मग सुरक्षेचे स्विच. बहुतेक यंत्रांत ब्रेकचं पेडल पूर्ण दाबलेलं नसेल किंवा पात्यांचा क्लच चालू असेल तर सेल्फपर्यंत करंटच जात नाही. जुन्या यंत्रात पेडल पूर्ण दाबूनही स्विचची दांडी अर्ध्यातच राहते, कारण त्याची पट्टी वाकलेली असते. सेल्फ नुसताच गर्रर्र फिरतोय आणि इंजिन ढिम्म आहे, तर सेल्फचा छोटा दातेरी गिअर वर उचलला जात नाही. तो गिअर बऱ्याचदा प्लास्टिकचा असतो आणि त्याचे दात झिजतात. टकटकटकटक असा मशीनगनसारखा आवाज म्हणजे सोलेनॉइड पकडतोय, त्याच क्षणी व्होल्टेज कोसळतंय, तो सुटतोय, परत पकडतोय. तिथे दोष बॅटरीत किंवा तिच्या टोकांवर. या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे नाहीत, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

तुमच्याकडे आहे एकच ‘टक्’ आणि अर्धा फेरा. इथे मल्टिमीटर लागतो. साधा चालेल.

पहिलं माप बॅटरीचं. स्वस्थ बसलेली, पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी साधारण १२.६ दाखवते. १२.२ च्या आसपास असेल तर ती निम्मी भरलेली आहे, ‘नवी’ असली तरी. दुकानात पडून राहिलेली बॅटरी भरलेलीच असते असं कोण म्हणतं? रात्रभर चार्जरला लावा. मग कुणाला तरी चावी फिरवायला सांगून त्याच दोन खुंट्यांवर माप घ्या. सेल्फ मारताना बॅटरी साडेनऊच्या खाली जाऊ नये. सात-आठवर आपटली तर एक तर बॅटरीत दम नाही, किंवा सेल्फला इंजिन फिरवणं फार जड जातंय. आणि ‘टक्’ झालं तरी बॅटरी साडेबारावरच बसून राहिली, तर करंट बाहेरच पडत नाहीये. म्हणजे वाटेत कुठेतरी तोंड बंद आहे: सोलेनॉइडच्या आतले संपर्क जळलेत, वायरचं टोक गंजलंय किंवा अर्थिंग गेलंय.

ही वाट शोधायची पद्धत बहुतेक जण वापरत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो. वायर डोळ्यांनी चांगली दिसते, ओहममापकावरही चांगली दिसते आणि तरीही दगा देते. सेल्फ सहज शंभरेक अँपिअर ओढतो. तेवढ्या प्रवाहाला एका टोकावरचा एक शतांश ओहमचा गंजसुद्धा एक व्होल्ट खाऊन टाकतो, आणि साधा मल्टिमीटर एक शतांश ओहम मोजूच शकत नाही. म्हणून अडथळा मोजू नका, सेल्फ मारत असताना व्होल्टेज किती गळतंय ते मोजा. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर), दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. चावी फिरवा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थिंगची वायर सोडा, दोन्ही टोकं आणि चॅसिसवरची जागा घासून पांढरी करा, घट्ट आवळा. मग एक सुई पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून तेच करा. इथे गळती जास्त दिसली तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर सुया ठेवून पाहा, म्हणजे दोष वायरचा की सोलेनॉइडचा ते लगेच वेगळं होतं. माझ्या हाताखालून गेलेल्या ‘सोलेनॉइड गेलाय’ वाल्या यंत्रांपैकी बऱ्याच जणांचा सोलेनॉइड ठणठणीत होता, फक्त चॅसिसला लावलेला अर्थिंगचा बोल्ट रंगावर आवळलेला किंवा गंजलेला.

स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड डायरेक्ट करून बघायची सवय सगळ्यांनाच असते, मलाही आहे. पण त्याने सेल्फच्या वाटेतले सगळे सुरक्षा स्विच वगळले जातात. यंत्र गिअरमध्ये असेल तर ते सुरू होऊन थेट अंगावर येतं. चाकांच्या समोर किंवा मागे उभं राहून हे कधीही करू नका, आणि पेट्रोलचा वास येत असेल तर मुळीच नको, कारण तिथे चांगली ठिणगी उडते.

वायरिंग ठीक निघालं तर पुढची चाचणी सगळ्यात कामाची, आणि तिला एक प्लगपाना पुरतो. प्लग काढा. प्लगची टोपी छिद्रापासून लांब नेऊन ब्लॉकला अर्थ करून ठेवा. छिद्रासमोर तोंड आणू नका. आता सेल्फ मारा.

तीनपैकी एक होईल. इंजिन तरीही अडकतंय, तर दोष सेल्फचा आहे किंवा इंजिन आतून जाम आहे. फ्लायव्हील हाताने फिरवून पाहा; हाताने सहज फिरलं तर सेल्फ उतरवून बाकावर तपासा. दुसरी शक्यता: छिद्रातून पेट्रोलची पिचकारी उडते. तिसरी: प्लग काढताच इंजिन भिंगरीसारखं फिरतं आणि बाहेर काहीच येत नाही.

पिचकारी उडाली तर तुमच्या दोन तक्रारींचा धागा जुळला. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. त्याच्या वाटीत फ्लोट, म्हणजे तरंगता तुकडा, असतो आणि त्याच्यावर एक सुई. वाटी भरली की सुई वर जाऊन पेट्रोल बंद करते. सुईच्या टोकावर कचरा बसला किंवा जुन्या पेट्रोलचा चिकटा धरला, आणि टाकी कार्ब्युरेटरपेक्षा उंचावर असली, तर महिनोन्महिने पेट्रोल थेंब थेंब झिरपत राहतं. थोडं सिलिंडरमध्ये साचतं, उरलेलं पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना धडकल्यासारखा थांबतो. आत्ताच जाऊन डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढा आणि हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, किंवा पातळी खुणेच्या वर गेली असेल, तर एकदाही सेल्फ मारू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला काही कामाचं नसतं. ऑइल काढा, सिलिंडर रिकामा करा, सुई आणि तिची बैठक साफ करा किंवा बदला, मगच नवं ऑइल भरा. आणि टाकीच्या नळीला एक छोटा नळ बसवून घ्या. यंत्र उभं करताना तो बंद केला की हा आजार परत होत नाही.

प्लग काढल्यावर मोकळं फिरतंय पण लावल्यावर अर्ध्या फेऱ्यात अडकतंय, आणि आत पेट्रोल नाही, तर मला जवळजवळ खात्री आहे की टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग, सैल झालेत.

हे लोकांना पटत नाही. सेल्फचा टॅपेटशी काय संबंध? संबंध असा. एवढ्या मोठ्या एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा जोर, छोट्या सेल्फला झेपत नाही, म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टवर एक छोटी युक्ती केलेली असते. इंजिन हळू फिरत असताना, कॉम्प्रेशनच्या फेरीत, ती एक व्हॉल्व्ह किंचित उचलून ठेवते आणि थोडी हवा निसटू देते. इंजिन वेगात आलं की तिचा परिणाम उरत नाही. हा उचल अगदी केसाएवढा असतो. वर्षानुवर्षांच्या झिजेने टॅपेटची फट वाढली की तो सगळा उचल फटीतच संपतो, व्हॉल्व्ह हलतच नाही आणि सेल्फ पूर्ण कॉम्प्रेशनवर जाऊन आपटतो. बॅटरी नवी आणि गच्च भरलेली असली तर कधीकधी कसंबसं ओलांडतं, म्हणून दोष ‘येतो-जातो’ असं वाटतं.

मी स्वतः यात फसलोय. सुरुवातीच्या काळात असंच एक यंत्र आलं होतं, त्याला मी सेल्फ बदलून दिला. नव्या सेल्फचा जोर थोडा जास्त, म्हणून दोन-चार दिवस चाललं. आठवड्याने तेच यंत्र, तोच अर्धा फेरा. मग सोलेनॉइड बदलला. तिसऱ्यांदा आलं तेव्हा शरमेने व्हॉल्व्हचं झाकण उघडलं. फीलर गेजची (फट मोजायच्या पट्ट्यांची) जाडातली पट्टी घातली तरी ती खुळखुळत होती. अर्ध्या तासात टॅपेट सेट केले आणि जुना सेल्फ परत लावला. त्यानंतर त्या तक्रारीसाठी ते यंत्र परत आलं नाही.

काम अवघड नाही. इंजिन थंड असू द्या. प्लग काढा, व्हॉल्व्हचं झाकण उघडा. उभ्या शाफ्टचं इंजिन असेल तर फ्लायव्हील वरून पाहताना घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवा. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन अगदी वर अशी जागा पकडा, आणि तिथून थोडं पुढे, पिस्टन साधारण ६ मिलिमीटर खाली येईपर्यंत न्या. हे ‘थोडं पुढे’ महत्त्वाचं आहे, कारण बरोबर वरच्या टोकाला ती उचलणारी युक्ती अजून व्हॉल्व्हला टेकलेली असू शकते आणि माप चुकतं. फट बहुतेक इंजिनांत ०.१० ते ०.१५ मिलिमीटरच्या घरात असते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या, कारण इनलेट आणि एग्झॉस्टचे आकडे वेगळे असू शकतात. पट्टी आत-बाहेर करताना हलकी धरल्यासारखी लागली पाहिजे. लॉक नट आवळल्यावर परत एकदा मोजा, आवळताना फट हमखास बदलते. इंजिन त्याहून जुनं, व्हॉल्व्ह बाजूला असलेलं सपाट डोक्याचं असेल तर तिथे स्क्रूने फट जुळवण्याची सोय बहुधा नसते, व्हॉल्व्हचा देठ घासूनच माप आणावं लागतं. ते काम जाणत्या माणसाकडे द्या.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की मूळ तक्रारीकडे या: पकडत का नव्हतं.

इथे लोक कार्ब्युरेटर उघडायला धावतात. त्याआधी दोन मिनिटांची एक चाचणी करा. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात चमचाभर ताजं पेट्रोल सोडा, फिल्टर परत लावा (उलटा भडका बाहेर येऊ नये म्हणून) आणि सेल्फ मारा. दोन-तीन सेकंद फुरफुरून बंद पडलं तर ठिणगी आहे, कॉम्प्रेशन आहे, फक्त पेट्रोल पोहोचत नाही. साधं खोकलंसुद्धा नाही, तर आधी ठिणगी पाहा. आणि सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. बॅटरी उतरेपर्यंत मारलेला सेल्फ आतून किती तापला असेल, हाताला कळत नाही.

ठिणगी बघायला प्लग टोपीत घालून त्याचं धातूचं अंग ब्लॉकला टेकवा, छिद्रापासून लांब. निळी, कडक, आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट आणि मरतुकडी असेल तर नवा प्लग लावून बघा. या इंजिनांत प्लगची फट साधारण ०.७६ मिलिमीटर असते.

ठिणगीच नाही, तर लगेच ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलला दोष देऊ नका. या इंजिनांच्या ठिणगीचा करंट बॅटरीतून येत नाही. फ्लायव्हीलमध्ये चुंबक आहे, तो कॉइलजवळून गेला की ठिणगी तयार होते. इंजिन बंद करायचं म्हणजे एका बारीक वायरने त्या कॉइलला अर्थ करायचं, बस. म्हणजे चावीचा स्विच, सीटचा स्विच आणि ती लांबलचक वायर, यातलं काहीही कुठेही चॅसिसला टेकलं की इंजिन कायमचं ‘बंद’. कॉइलवरून ती बारीक वायर सोडून सेल्फ मारा. ठिणगी आली तर कॉइल चांगली आहे, दोष वायर किंवा स्विचमध्ये शोधा. शेडमध्ये उभ्या राहिलेल्या यंत्रात मी आधी फ्लायव्हीलवरचं पत्र्याचं झाकण उघडतो. उंदरांना ती जागा फार आवडते. गवत, चिंध्या, कागदाचा भुगा यांचं आख्खं घरटं निघतं आणि त्यात कुरतडलेली वायर. घरटं काढावंच लागतं, नाहीतर इंजिनला हवा मिळत नाही आणि ते तापून मरतं. ती वायर सुटलेली असताना मात्र चावीने इंजिन बंद होणार नाही आणि सीटवरून उठलात तरी होणार नाही. तेवढ्यापुरती चाचणी करा आणि परत लावा.

वायर सोडूनही ठिणगी नसेल तर कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातली फट पाहा. ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर पुष्कळ इंजिनांना चालते. जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून, कॉइल चुंबकाकडे ओढू देऊन स्क्रू आवळले की काम होतं. चुंबकावरचा गंज आधी पॉलिश पेपरने काढा. तुमचं इंजिन वीसेक वर्षांचं आहे, म्हणून त्यात पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे, उघडझाप करणारे संपर्क) नसणार. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने १९८२ च्या सुमारास पॉइंट सोडून इलेक्ट्रॉनिक कॉइल आणली. त्याआधीच्या इंजिनात फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात आणि नुसतं उभं राहूनही त्यांच्यावर काळपट थर चढतो.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन उलट झटका देतं किंवा कार्ब्युरेटरमधून फटाका वाजवतं, तर फ्लायव्हीलची की पाहा, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारा तो मऊ धातूचा छोटा तुकडा. तो अर्धा कापला गेला की टायमिंग सरकतं. नट सैल राहिला असेल तर हमखास होतं.

राहिलं पेट्रोल. सात-आठ महिन्यांचं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढा, ‘त्यात थोडं ताजं मिसळलं’ हा उपाय नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी जास्त झालं की ते खाली वेगळं बसतं, नेमकं जिथून कार्ब्युरेटर ओढतो तिथे. काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत ठेवून पाहा; तळाशी वेगळा थर दिसला तर उत्तर मिळालंच. पेट्रोलचा तिखट वास जाऊन जुन्या वार्निशसारखा वास येत असेल तरी तेच.

मग फिल्टर बदला, आणि वाटीच्या बुडाशी एक वायर गेलेला नळकांडीसारखा भाग आहे का बघा. असेल तर तो इंधनाचा सोलेनॉइड आहे. चावी चालू करताच तिथे हलकी ‘टिक्’ ऐकू यायला हवी. नाही आली तर जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बंदच राहतो आणि तुम्ही कार्ब्युरेटर दहा वेळा धुतला तरी फरक पडत नाही. नवा कार्ब्युरेटर लावूनही न सुटलेली तक्रार मी या टिक्वर सोडवली आहे, ती वायर नुसती निसटलेली होती.

टिक् येत असेल तर वाटी उतरवा. खाली फडकं धरा. तळाला डिंकासारखा पिवळा चिकटा किंवा पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर दिसेल. मधल्या खांबात मुख्य जेट असतो, मिलिमीटरपेक्षा बारीक छिद्राचा. प्रकाशासमोर धरा: स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे, चंद्रकोर दिसली तर अजून कचरा आहे. काही जुन्या कार्ब्युरेटरमध्ये वाटीचा बोल्ट हाच जेट असतो आणि त्याच्या बाजूला सुईच्या टोकाएवढं एक छिद्र असतं. लोक तो नुसता बोल्ट समजून पुसतात आणि परत लावतात. छिद्र मोकळं करायला वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, कार्ब्युरेटर क्लीनर मारा आणि चष्मा लावून हवा मारा. स्टीलची सुई किंवा ड्रिल घातलंत तर जेट मोठा होईल आणि इंजिन कायम काळा धूर सोडेल.

परत जोडल्यावर चोकची केबल ओढून, फिल्टर काढून डोळ्यांनी पाहा की कार्ब्युरेटरच्या घशातली हवा अडवणारी पत्री पूर्ण बंद होतेय का. जुन्या केबलची क्लिप घसरते, वर दांडी ‘चोक’वर आणि आत पत्री अर्धी उघडी. थंड इंजिन मग पकडत नाही. आणि सुरू होऊन पाच-दहा मिनिटांनी बंद पडायला लागलं तर टाकीचं झाकण सैल करून बघा. झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल यायचं थांबतं.

आता आधी तीन गोष्टी करून कळवा: डिपस्टिकचा वास, सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवरचे व्होल्ट, आणि प्लग काढल्यावर इंजिन मोकळं फिरतं की नाही. इंजिनवर ठोकलेला मॉडेलचा आकडाही सोबत द्या. दोष टॅपेटचाच निघाला तर तुमच्या इंजिनची नेमकी फट त्यावरूनच सांगता येईल.